शिंपिणीची मापे आणि तानूआत्यांच्या शंका

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते. तिथे अनसूया नावाची एक शिंपीण राहायची. आसपासच्या सात गावांतल्या बायका पोलकी शिवायला तिच्याकडेच येत. प्रत्येकीचे माप दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये असे, आणि मापापुढे एक शेरा: हिचा डावा खांदा उतरता, हिला गळा लहान लागतो.

एकदा शहरातून एक माणूस आला. "ताई, मापं आमच्या क्लाउडमध्ये ठेवा. म्हणजे दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर. तुमचा हा डबा बिघडला तरी मापं सुखरूप."

अनसूयेला पटले. "आजच सगळी न्या. डबा भंगारात देते."

दुकानात काजबटण करणाऱ्या तानूआत्यांनी सुई थांबवली. "भाऊ, तिथली किल्ली कोणाकडे?"

"पासवर्ड ताईंच्या फोनवर."

"फोन हरवला तर? आणि उद्या तुमचंच दुकान बंद पडलं, तर आमची मापं परत कशी मिळायची?"

तो हसला. "आत्या, पोलकी शिवता की वकिली करता?"

अनसूया ओशाळली. "आत्या, पुरे ना! लग्नसराई तोंडावर आलीय."

"अगं, पक्की शिवण मारायच्या आधी कच्चा टाका घालून पोलकं अंगावर बघतो ना आपण? मग इथंच कसली घाई? आधी एकाच गावाची मापं पाठव. ती परत मागवून बघ."

अनसूयेने तसे केले. मापे परत आली, पण शेरे आलेच नाहीत! त्या माणसाचे हसू मावळले. पण माणूस सरळ होता. "बरं झालं विचारलंत," म्हणत त्याने दोन दिवस बसून चूक सुधारली. पुन्हा तपासल्यावरच बाकीच्या गावांची मापे गेली. पासवर्ड तानूआत्यांच्या फोनवरही ठेवला. महिन्यातून एकदा सगळ्याची एक प्रत घरच्या कपाटात ठेवायचेही ठरले.

लग्नसराईत एका दुपारी इस्त्रीतला निखारा कापडावर पडला. माणसे वाचली, पण दुकान, कॉम्प्युटर आणि अनसूयेचा फोन जळाला. दुसऱ्या दिवशी लग्न असलेल्या एका नवरीचे पोलकेही गेले. तिचे माप चारच दिवसांपूर्वी घेतलेले, म्हणून घरच्या प्रतीत नव्हते. हळद लागलेली नवरी घराबाहेर पडणार नव्हती, आणि तिच्या लांबच्या गावी जाऊन यायचे तर दिवस मोडला असता.

तानूआत्यांनी आपल्या फोनवर पासवर्ड घातला. क्लाउडमधून माप आले. शेराही आला: उजवा हात भाजलेला, बाही सैल ठेवणे.

गावातच राहणाऱ्या नवरीच्या मामाने नवा खण आणून दिला. शेजारणीच्या मशीनवर दोघींनी रात्रीपर्यंत पोलके शिवले, आणि पहाटेच मामा ते घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी नवरीने हार घालायला हात सहज वर उचलला आणि आईकडे बघून हसली.

अनसूया तानूआत्यांच्या पाया पडली. "आत्या, मी तर तुम्हाला गप्प करायला निघाले होते."

"मी बसले का गप्प?" आत्यांनी तिला उठवून जवळ घेतले. "आता त्या शहरातल्या भाऊंनाही फोन लाव. त्यांनी मापं ठेवायला जागाच दिली नसती, तर नुसत्या माझ्या शंकांनी काय पोलकं शिवलं असतं?"

तात्पर्य: नव्या सोयीला दार बंद करू नये, पण पारखल्याशिवाय तिच्या हाती सगळे सोपवूही नये, आणि वेळेवर शंका विचारणारे माणूस लाभले, तर त्याचे मनापासून आभार मानावेत.