हरबा शिंपी आणि सात मुखवटे

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव हरबा. सांगितलेलं काम तो अक्षरशः सांगितल्यासारखंच करी, आणि तीच पंचाईत होती.

गाव संस्थानचं. विसाजीपंत दिवाण कारभार बघत. त्या साली शेजारच्या संस्थानात पाण्याचा थेंब नव्हता. दिवाणजींनी आपल्या कालव्याचं दार त्यांच्यासाठी उघडलं. झालं! गावातल्या सहा जणांना वाटलं, देश बुडाला. त्यांनी एक गुप्त मंडळ काढलं. मुखवटे घालायचे, दिवाणजींना संपवायचं, की देश तरला. म्होरक्या होते त्रिंबकराव. मंडळ एका बंद पडलेल्या तेलघाण्यात दुपारी भरे, गाव जेवून लवंडलं की. सगळे प्रपंचातले. संध्याकाळी घरी बायका वाट बघत.

मुखवटे शिवायला त्यांनी हरबाला बोलावलं. त्यानं सहा डोक्यांची मापं घेतली. मग एकाच्या लक्षात आलं, "अहो, यानं आपली तोंडं पाहिली! याला मारायला हवं."

"मग मुखवटे कोण शिवणार?" त्रिंबकराव म्हणाले. म्हणून हरबाला मंडळात घेतलं. "ज्याचा त्याला मिळू दे बरं का. अदलाबदल नको."

हरबानं सहा काळे मुखवटे शिवले, स्वतःला सातवा. आणि प्रत्येकाच्या कपाळावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव भरलं. त्रिंबकरावांचं जरा मोठ्या अक्षरात, वेलबुट्टीसकट.

"हे काय रे?"

"अदलाबदल नको म्हणालात ना?"

"अरे मूर्खा, नाव कुठेही घालायचं नाही! कुठ्ठेही! उसव ते."

"बरं," हरबा म्हणाला. आणि ते त्यानं मनात घट्ट धरलं.

मग मंडळानं दिवाणजींना धमकीची चिठ्ठी लिहिली, 'तुझे दिवस भरले. तयारीला लाग.' त्रिंबकरावांनी ती हरबाला दिली. "वर नाव घाल आणि पोचव." नाव तर कुठेही घालायचं नव्हतं. हरबानं बिननावाची चिठ्ठी वाटेतल्या पहिल्या दारात सरकवली. ते दार त्रिंबकरावांचंच निघालं. चिठ्ठी सापडली त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंना. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली, हात जोडले, तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, आणि देवानं आधी कळवलं म्हणून आनंदानं घरातली सगळी पितळी भांडी दान करून टाकली. त्रिंबकराव घरी आले तर पाणी प्यायला तांब्या नाही.

"गाढवा! ज्याची वस्तू त्याच्या हातात द्यायची! समोर जाऊन, हातात!"

"बरं," हरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकरावांनी त्याला खंजीर दिला. आवाज खोल केला. "हा दिवाणासाठी आहे. कळलं ना?"

कळलं की. हरबा थेट वाड्यावर गेला. नमस्कार केला आणि खंजीर दिवाणजींच्या हातात दिला, मुठीकडून. धार लागली असती ना!

"हे रे काय, हरबा?"

"तुमच्यासाठीच आहे जी. मंडळानं दिलाय."

"कुठलं मंडळ?"

"नाव कुठेही घालायचं नाही."

दिवाणजींनी खंजीर उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र तेवढ्यात आत गेल्या. यजमानांच्या जिवासाठी त्यांनी सोळा सोमवार धरले होते. काही घेऊन आलेल्या माणसाला त्या रिकाम्या हातानं जाऊ देत नसत. डब्यात पाच लाडू होते, ते त्यांनी हरबाला दिले. "सोमवारी उद्यापन आहे हो. जेवायला ये."

घाण्यात हरबानं पाच जणांना पाच लाडू वाटले. त्रिंबकराव राहिले.

"माझा?"

"संपले."

त्रिंबकराव खंजीर विसरले. "एकाला द्यायचं नि एकाला नाही, हा कुठला न्याय? द्यायचं तर सगळ्यांना, जितकी डोकी तितकं!"

"बरं," हरबा म्हणाला.

शेवटी ठरलं, सोमवारी दुपारी सगळ्यांनीच जायचं. ओसरीवर पंगत बसलेली असेल, दिवाण माजघरात एकटा असेल. "आपल्याला मुखवटे, त्याला नाही," त्रिंबकराव म्हणाले. "चुकायची भीतीच नाही."

हरबाला ते ऐकून वाईट वाटलं. सगळ्यांना आहे आणि दिवाणजींना नाही? त्यानं आणखी एक मुखवटा शिवला. सोमवारी पुढे जाऊन दिवाणजींच्या हातात दिला. "सगळे घालणार आहेत. तुम्ही एकटेच तसे कसे राहाल?"

दिवाणजी चतुर. त्यांनी कोतवालांना पंगतीत दाराजवळ बसवलं आणि मुखवटा चढवून माजघरात उभे राहिले.

सहा जण घुसले. अंधुक माजघर, आणि सगळीकडे काळे मुखवटे.

"धरा दिवाणाला!"

"अहो, मला काय धरता! मी दिवाण नाही!"

"मीही नाही!"

"मीसुद्धा नाही," दिवाणजी म्हणाले.

"हरबा! दिवाण कोणता?"

"ठाऊक आहे. पण नाव घालायचं नाही."

"काढा रे मुखवटे!" त्रिंबकराव किंचाळले. सहा मुखवटे जमिनीवर पडले. त्याच क्षणी कोतवाल आणि अर्धी पंगत उष्ट्या हातांनी दारात आली.

सहाही जणांनी हात जोडले. "आम्ही तर उद्यापनाला आलो, प्रसादाला! हे मुखवटे आमचे नव्हेत. इथेच पडले होते."

"दिवाणजी, पुरावा हवा," कोतवाल डोकं खाजवत म्हणाले.

लक्ष्मीबाई आतून म्हणाल्या, "आलेत तर आधी जेवू दे त्यांना. उद्यापनाच्या दिवशी दारातून कुणी उपाशी जायचं नाही."

त्रिंबकरावांचा जीव भांड्यात पडला. ते पानाकडे वळलेही. पण हरबाचा चेहरा उतरला होता. आपण शिवलेलं कापड चारचौघांत कुणी आपलं नव्हे म्हणावं? त्यानं एकेक मुखवटा उचलला, झटकला आणि एकेकाच्या डोक्यावर नीट बसवला. त्रिंबकरावांची कानामागची शिवण ओढून पाहिली.

"बघा कोतवालसाहेब," तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "यांच्याच मापाचे आहेत की नाही? एकाला तरी सैल होतोय का?"