फुटली आणि वाढली

पूर्वी समुद्रकाठच्या वेलापूर नगरात सुषेण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता.

त्या नगरात बांगडीला कोणी 'फुटली' म्हणत नसे. नवरा गेल्यावर बांगड्या फुटतात. एरवी तुटलेली बांगडी 'वाढते'. दूरच्या डोंगरी मुलखातून नुकतीच लग्न होऊन आलेल्या धाकट्या राणीला, इरावतीला, हे कोणी सांगितले नव्हते.

राजा मोहिमेवर निघाला त्या सकाळी थोरली राणी कनकावती त्याला ओवाळीत होती. तिचा हात ताटाच्या काठावर आपटला.

"अगंबाई, ताईंची बांगडी फुटली!" इरावती म्हणाली.

तिचा परका हेल ऐकून राजाला हसू आले. ते हसू कनकावतीने पाहिले. तसे हसू तिच्या वाट्याला फार दिवसांत आले नव्हते.

तिने ताट खाली ठेवले. "महाराज युद्धाला निघालेत आणि ही त्यांचं मरण बोलते! आता एक तर ही माहेरी जाईल, नाहीतर मी."

अपशकुनाच्या नावाने राजा घाबरला. इरावतीसाठी पालखी मागवली गेली. परत पाठवलेल्या मुलीला तिच्या मुलखात कोणी घरात घेत नसे. आपण काय बोललो, हेच तिला कळेना.

तेव्हा बोधिसत्त्वाने मुहूर्ताचा नारळ तिच्या हाती दिला. "राणीसाहेब, जाण्यापूर्वी एवढा वाढवा."

इरावतीने तो उलटसुलट पाहिला. "हा मी कुठे पेरू? आणि वाढायला तर वर्षं लागतील ना?"

पहारेकरी हसू लागले. राजा मात्र कनकावतीकडे वळला. "हिला इथली भाषाच येत नाही. तुम्हाला हे तेव्हाच कळलं नाही?"

"कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही हसलात. मग मला शापच ऐकू आला."

राजाने पालखीकडे बोट दाखवले. "मग आता तुम्ही बसा."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, शब्द एकच होता. आपलं मन प्रसन्न होतं, म्हणून आपल्याला तो गोड लागला. महाराणी फार दिवसांच्या एकट्या आहेत, म्हणून त्यांना तो बोचला. त्या एकटेपणाचा जाब कोणाला विचारायचा?"

बांगडीचे तुकडे वेचायला राजा स्वतः खाली वाकला. पालखी रिकामीच परतली.

कनकावती डोळे पुसत इरावतीला म्हणाली, "फोड बाई तो नारळ. पेरत बसलीस तर मोहीम राहील."

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, साध्या बोलण्यावरून अबोला धरून बसलेली भिक्षुणी नंदिता हीच तेव्हाची कनकावती. नवखी चारुमती ही इरावती, उपासक धनपाल हा राजा, आणि अमात्य मीच होतो."

जी शब्दापलीकडे ऐकणाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचते, ती करुणा त्या जन्मी बोधिसत्त्वाने आचरली.