पिवळ्या रेघेची सनद

"सनद दाखव, तळं तुमचं! पण दफ्तरखान्यातला कागद उंबऱ्याबाहेर येणार नाही, आणि आम्ही त्या धुळीत पाऊल टाकणार नाही. सूर्यास्तापर्यंत मुदत!"

बोरखिंडीचे महाराज एवढं बोलले आणि तक्क्याला रेलले. समोर कुंभारवाड्यातली हौसा उभी होती.

भानगड झाली होती राजहंसांवरून. महाराजांनी शौक म्हणून हंस मागवले, त्यांच्यासाठी वाड्यामागच्या तळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि कुंभारांची वाट बंद झाली. त्या तळ्याच्या गाळाशिवाय कुंभारवाड्यातलं मडकं टिकत नसे. दुसरी कुठलीही माती घेतली की भट्टीत तडकलंच! उन्हाळा तोंडावर आला होता आणि चाकं महिनाभर उभी होती.

आता महाराजांच्या पणजोबांनीच कुंभारांना गाळ नेण्याची सनद दिली होती. हौसाला ते ठाऊक होतं, कारण दफ्तरखान्यातले रुमाल, म्हणजे लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, रोज तीच झटकायची. दफ्तरदार अंताजीपंतांनी एकदा रुमाल बांधताना ती सनद मोठ्याने वाचली होती. पण महाराज म्हणाले, ऐकीव गोष्ट आम्ही मानत नाही!

बरं, ही दाद मागायलाही ती तीन सोमवार दरबारात आली होती. तिन्ही सोमवारी महाराज झोपलेले. तिथली रीत अशी, की महाराज नसले तर गादीमागच्या त्यांच्या तसबिरीला मुजरा करायचा आणि घरी जायचं. हौसा तिन्ही वेळा वाकून मुजरा करून परत गेली होती.

अटी ऐकून अंताजीपंतांनी कपाळाला हात लावला. कागद उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, हा नियम महाराजांच्या आजोबांचा. त्यांच्या काळात एक शेळी ओसरीवर वाळत टाकलेली अख्खी वतनपत्रं खाऊन गेली होती. आणि महाराजांना धुळीने एक शिंक आली की मागून अकरा यायच्या.

"संपलं, हौसाबाई! कागद जात नाही, महाराज येत नाहीत."

"पंत, ते लाटणं कुटं हाय?"

लाटणं म्हणजे कागदावरून हाताने फिरवायचा लांबट स्कॅनर. महाराजांनीच तो गेल्या साली शहरातून आणला होता, सगळं दफ्तर त्यात उतरवा म्हणून. पण त्यातला उजेड कागद जाळील, या भीतीने पंतांनी त्याला हात लावला नव्हता. खंडेनवमीला सुरी-कात्रीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि पुन्हा फळीवर! विकणाऱ्या माणसाने तो चालवून दाखवला, तेव्हा मात्र हौसा हातात झाडू घेऊन नीट बघत होती.

दफ्तरखान्यात येऊन तिने रुमालातली सनद मेजावर पसरली, घड्या तळहाताने बसवल्या आणि स्कॅनर वरून खाली ओढला.

"जळेल गं बाई!"

"जळायला ती काय भाकरी हाय, पंत? कागूद धरा नीट!"

पंतांचा हात थरथरला आणि अक्षरं वाकडी आली. दुसऱ्यांदा हौसानेच घाई केली, ओळी चेपल्या. तिसऱ्यांदा तिने चाकावरचं मडकं सावरावं तसा हात स्थिर ठेवला आणि सनद शिक्क्यासकट उतरली. कागद घडी घालून रुमालात परत गेला. हौसा स्कॅनरमधलं नखाएवढं कार्ड मुठीत धरून दरबारात आली, तेव्हा ऊन फक्त देवळाच्या कळसावर उरलं होतं.

महाराज ज्या टॅबवर पत्ते खेळत, त्यात तिने ते कार्ड घातलं. पडद्यावर सनद उमटली! पंतांनी मोडी वाचून दाखवलं, "तळ्याचा गाळ कुंभारांनी पिढ्यान्‌पिढ्या न्यावा. कोणी हरकत करू नये."

आपण आणलेला स्कॅनर चालला म्हणून महाराज आधी खूश झाले. मग आपण हरतोय हे लक्षात आलं आणि ते पडद्यावर वाकून खोट शोधू लागले.

"ही उभी पिवळी रेघ मूळ कागदावर आहे?"

"न्हाई सरकार. खंडेनवमीची हळद हाय. लाटन्याच्या काचंवर ऱ्हायली."

"म्हणजे हा कागद नव्हेच! नुसतं चित्र! चित्राला आम्ही खरं मानत नाही!"

कुंभारवाड्याची माणसं दाराशी उभी होती, त्यांचे चेहरे उतरले. हौसाने मात्र पदर खोचला.

"मग सरकार, माझं मुजरं परत द्या!"

"कसले मुजरे?"

"तीन सोमवार आले, आपण झोपला हुता. चोपदारदादा म्हनलं, तसबिरीला मुजरा कर, सरकारास्नी पोचतोय. आता चित्र खरं न्हाई म्हंता. मंजी तिनी मुजरं भिंतीला झालं की!"

महाराज गोंधळले. "तसबिरीचं वेगळं! ती हुबेहूब आमच्यासारखी आहे. तिच्यावर कुठे पिवळी रेघ आहे?"

हौसाने तसबिरीकडे पाहिलं. मग महाराजांकडे. मग पुन्हा तसबिरीकडे. तसबिरीतल्या मिशा कानांपर्यंत पोचल्या होत्या. महाराजांच्या ओठावर, खोटं कशाला बोला, मोजून चार केस होते.

"रेघ न्हाई सरकार, पर मिशा हाईत!"

चोपदार एक पाऊल मागे सरला. पंतांनी डोळे मिटले. महाराजांचा हात नकळत ओठावर गेला, थोडा वेळ तिथे चाचपडला, आणि मग ते असे हसले, असे हसले, की तक्क्या घरंगळून खाली आला!

"मग काय, तसबिरीचे मुजरे बंद करू?"

"नगं सरकार, ऱ्हाऊ द्या. ती कंदी हट्ट करत न्हाई!"

महाराज डोळे पुसत उठले. कुंपण त्याच संध्याकाळी निघालं. हंसांनी तळ्याचा एक कोपरा घ्यावा आणि उरलेल्या तळ्यातून कुंभारांनी गाळ न्यावा, असं ठरलं. शिवाय स्कॅनर हौसाच्या हाती आला. सगळे रुमाल तिने उतरवायचे, पंतांनी कागद धरायचे, न थरथरता!

"आधी ती काच पुसून घेती, सरकार."

"खबरदार! पणजोबांच्या सनदेवर उमटलेली रेघ आहे ती. आता तोच आमच्या दफ्तराचा शिक्का. पिवळी रेघ नसेल, ती नक्कल या दरबारात चालायची नाही!" महाराज म्हणाले, आणि ओठावरच्या चार केसांना तसबिरीतल्यासारखा पीळ भरू लागले.