लाल गाडीचं पेट्रोल

कोल्हापूरच्या रणधीरराव खर्डेकरांनी वडिलांची साठ वर्षांपूर्वीची लाल स्पोर्ट्स कार पाहुण्यांसमोर बाहेर काढली आणि पंपावरचं नेहमीचं पेट्रोल भरायला सांगितलं. ती सांभाळणारा दस्तगीर मिस्त्री म्हणाला, "साहेब, हिला हे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल नको. जुने रबरी पाइप खराब होतील."

"माझ्या नव्या गाड्यांना तेच चालतं. गाडी ती गाडी!"

"तुमचा मुलगा चकली खातो आणि तुमचे वडील, थोरले साहेब, पेजेवर आहेत. माणूस तो माणूस म्हणून त्यांनाही चकली द्यायची का?"

पाहुणे खो खो हसले. रणधीररावांना ते झोंबलं. त्यांनी हट्टाने तेच पेट्रोल भरायला लावलं.

काही महिन्यांत पाइप फुटून गाडी जळाली. थोरले साहेब काळ्या सांगाड्यावरून नुसता हात फिरवत राहिले.

दस्तगीर आजही हळहळतो, "बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं."