सातशेवाल्याचे नऊशे

“पण बुवा, गणितच चुकलेलं असलं तर?”

पद्माकरला दम लागला होता. सभामंडपातल्या काळ्या फरशीपासून बुवांच्या ओसरीपर्यंत अंतर ते केवढं, पण गडी पळतच आला होता. हाताला खडू, नाकाला खडू, आणि चेहरा लग्न ठरल्यासारखा फुललेला.

भारतीबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“चुकलेलं... कुणाचं?”

“आपलं,” पद्माकर म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली. पण शब्द तर तोंडातून गेला होता.

आता हे पद्माकर प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं. शाळेत होता तेव्हापासून गणित म्हणजे याच्या हातचा मळ. मास्तरांनी गणित लिहून खडू खाली ठेवावा, तोवर याचं उत्तर तयार. आणि उत्तर तयार झालं की याला गप्प बसवत नसे. शेजारच्याचं चुकलेलं त्याला दाखवल्याशिवाय याला घास गोड लागत नसे.

भारतीबुवांचं नाव त्याने कोवळ्या वयातच ऐकलं होतं. डोंगरावरच्या मठात एक म्हातारा गोसावी आहे, तो प्रवचन करत नाही, गणितं घालतो, आणि ज्यांना ती सुटतात त्यांना शिकवायला ठेवून घेतो. झालं! याने ध्यासच घेतला. चांगली चाललेली नोकरी सोडली. घरी सांगून टाकलं की मी आता परत यायचा नाही. आई रडायला लागली, तेव्हा तिची समजूत काढायचं काम वामनवर सोपवून हा कपडे भरायला गेला.

वामन म्हणजे शेजारचा, याच्याच बरोबरीचा. गणितात बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा. काही झालं की “असू दे” म्हणायचा. पद्माकरने त्याला बरोबर घेतला त्याला कारणही तसंच होतं. मठाचा दंडक असा, की एकट्याने यायचं नाही. जोडीने यायचं.

डोंगराच्या पायथ्याला मठाची धर्मशाळा आहे. तिथे जोडीतल्या प्रत्येकाच्या हातात पैशांची एक कापडी पिशवी देतात. दोन्ही पिशव्या सारख्या. आत किती आहेत ते सांगत नाहीत, आणि मोजायचे नाहीत. लागतील तसे काढायचे, वाटेतली गावं करत करत पायी वर यायचं. वर देवडीवर पोचलं की वाटेत काय खर्च झाला ते सांगायचं आणि उरलेलं तिथे ठेवायचं. मग बुवा त्या जोडीला एक गणित घालतात. दिवेलागणीच्या शंखाआधी सुटलं तर दोघं राहिले. नाही सुटलं तर दोघंही खाली.

दोघंही. म्हणून तर वाटभर पद्माकरच्या मनात होतं की या वामनचं ओझं आपण वाहतोय. पोराचं भाग्य बघा, जोडीला मी मिळालो.

काल देवडीवर पोचल्यावर सांगणं-ठेवणं वामनने उरकलं. पद्माकर कुठे होता? तो तडक सभामंडपात घुसला होता. तिथली ती काळी फरशी त्याला बघायची होती, जिच्यावर म्हणे जोड्यांनी वर्षानुवर्षं गणितं सोडवली. फरशीवर हात फिरवताना त्याच्या अंगावर काटा आला होता. उद्या इथे आपण!

आणि आज सकाळी बुवांनी गणित घातलं. घातलं कसलं, शेंगा वेचता वेचता बोलले.

“दोन माणसं जत्रेला निघाली. दोघांजवळ पैसे सारखेच. एकाने दुसऱ्याच्या तिप्पट खर्च केला. दोघांचा मिळून खर्च बाराशे. दोघांचे मिळून उरले दोनशे. तर कुणाचं काय उरलं?”

ऐकून पद्माकर थोडा हिरमुसलाच. एवढंच? यासाठी इतका डोंगर चढलो? वामनला पायरीवर बसवून तो फरशीकडे गेला. कमरेच्या पिशवीतून खडू काढला आणि उकिडवा बसला.

दुसऱ्याचा खर्च क्ष मानू. पहिल्याचा तीन क्ष. मिळून चार क्ष म्हणजे बाराशे. क्ष तीनशे. म्हणजे एकाने तीनशे घालवले, दुसऱ्याने नऊशे. खर्च बाराशे, उरले दोनशे, मुळात चौदाशे. सारखे वाटले की सातशे-सातशे. तीनशेवाल्याचे उरले चारशे. आणि नऊशेवाल्याचे...

खडू थांबला.

सातशेतून नऊशे.

त्याने पुसून पुन्हा मांडलं. मग उलटीकडून मांडलं. मग क्ष सोडून य घेतला, जणू क्षनेच काही खोडी केली असावी. उन्हं उतरेपर्यंत मांडत राहिला, दर वेळी तेच. उणे दोनशे.

आणि मग त्याच्या अंगातून एकदम वीज गेली. अरे, हे गणित चुकलंय! सातशे घेऊन निघालेला माणूस नऊशे खर्च करेल कसा? भारतीबुवांच्या गणितातली चूक आपण पकडली! एवढ्या जोड्या आल्या आणि गेल्या, कुणाची हिंमत झाली होती का? तेवढ्याच जोशात त्याने गणित दुरुस्तही केलं आणि ओसरीकडे धूम ठोकली.

तर आता तो बुवांसमोर उभा होता, आणि त्याला थांबवतं कोण? त्याने भराभर सगळं सांगितलं. उत्तर उणं येतं. उणे दोनशे रुपये कुणाच्या खिशात नसतात. उरलेले दोनशेऐवजी बाराशे करावेत, मग कसं झकास सुटतं, एकाचे नऊशे उरतात, दुसऱ्याचे तीनशे. बहुधा सांगताना बुवांकडून एक आकडा इकडचा तिकडे झाला असावा. होतं असं. वयही झालं आता.

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे परातीत टाकले.

“तो नऊशेवाला,” ते म्हणाले, “जत्रेला पोचला का?”

“ते गणितात दिलेलं नाही.”

“पोचला का?”

“बुवा, तो पोचूच शकत नाही. त्याचे पैसे मध्येच संपले.”

“हं...”

बुवा पुन्हा शेंगांकडे वळले. पद्माकरला वाटलं, झालं, मान्य झालं. पण बुवांची परात काही संपेना. तिकडे देवडीवर सेवेकऱ्याने शंख खाली काढून फडक्याने पुसायला घेतला होता. ते पाहिल्यावर मात्र पद्माकरचा जोश उतरला. परत यायचा नाही म्हणून घरी सांगून आलेला माणूस, खाली उतरून तोंड कुठे दाखवणार? त्याने हात जोडले. चुकलेल्या गणिताला बरोबर उत्तर कुठून आणू, एवढं तरी सांगा म्हणाला.

“चल, दाखव फरशी,” बुवा म्हणाले.

परातीतले मूठभर दाणे आणि काठी घेऊन ते उठले, दोघे सभामंडपात आले. बुवांनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. छापल्यासारखं स्वच्छ अक्षर होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. शेवटी दोनशेवर काट मारून पद्माकरने बाराशे केले होते, तिथे त्यांनी काठीचं टोक टेकवलं.

“उत्तर आवडलं नाही म्हणून गणित बदललंस.”

पद्माकर गोरामोरा झाला.

“पुन्हा लिही. माझं होतं तसं.”

त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला, खडू काढला आणि खाली वाकला.

“खडू कशातून काढलास?”

“पिशवीतून.”

“ही आमचीच पिशवी ना? पायथ्याला दिलेली?”

“हो.”

“यात खडू ठेवायला देत नाही आम्ही.”

“पैसे होते, बुवा. ते संपले. रिकामी होती, म्हणून मग...”

“कुठे संपले?”

पद्माकरने डोकं खाजवलं. बाजाराच्या गावात संपले होते. तिथे बीजगणिताचं एक जाडजूड जुनं पुस्तक दिसलं आणि त्याने ते घासाघीस न करता उचललं. पिशवी झटकून दिली होती तेव्हा. हो, तिथेच.

“तिथून मठ किती लांब?”

“दोन मुक्काम...”

एवढं बोलून पद्माकर थांबला.

दोन मुक्काम. दोन्ही मुक्कामांना तो पोटभर जेवला होता. एके ठिकाणी तर वर श्रीखंड मागवलं होतं. घाटाच्या तोंडाशी चप्पल तुटली, तेव्हा नवी घेतली, तीही भारीतली. आणि शेवटच्या चढाला पाय दुखतात म्हणून जीपमध्ये बसला होता. पायी यायचा दंडक असताना. वामन मागून चालत आला होता, जीपवाल्याच्या हातात पैसे देऊन.

दर वेळी असंच. हा बोलत असायचा, वर्गमूळ आणि वर्गसमीकरणं, आणि मध्येच कुठून तरी वामनचा हात पुढे यायचा. याने एकदा म्हटलंही होतं, नंतर बघू रे हिशेबाचं. वामन म्हणाला होता, असू दे.

पद्माकरने फरशीकडे पाहिलं. नऊशे. तीनशे. उरले दोनशे.

त्याच्या हातातून खडू गळून पडला आणि दोन तुकडे झाले. लाज वाटली का? वाटली, कानापर्यंत वाटली. पण खोटं कशाला सांगा, त्या लाजेच्याही वरून आनंद उसळी मारून आला. कारण गणित सुटत होतं! डोळ्यांदेखत सुटत होतं. एकही आकडा न बदलता!

तो धावला. पायरीवर वामन बसला होता, तळपायातला काटा काढत. त्याची चप्पल शेजारी होती, अंगठ्याला सुतळी बांधलेली. पद्माकरने त्याचा दंड धरला.

“देवडीवर तू काय सांगितलंस काल?”

“जे झालं ते.”

“माझे किती?”

वामन चाचरला. इकडेतिकडे पाहिलं.

“नऊशे... जवळपास.”

“आणि ठेवलेस किती?”

“दोनशे. आपले उरलेले.”

आपले, म्हणाला वेडा. पद्माकरचे डोळे भरून आले. त्याने वामनला ओढतच फरशीपाशी आणलं. देवडीवर शंख सेवेकऱ्याच्या ओठांशी गेला होता. पद्माकरने खडूचा तुकडा उचलला, आपण केलेले बाराशे पुसले आणि पुन्हा दोनशे लिहिले. खाली उणे दोनशेही लिहिले, आणि या वेळी ते पुसले नाहीत.

“बुवा, गणित बरोबर आहे,” तो म्हणाला. “सातशेवाला नऊशे खर्च करू शकतो. शेजारी वामन असला तर.”

“असू दे रे,” वामन पुटपुटला.

शंख वाजला. लांबलचक वाजला, खालच्या दरीतून परत आला, मग विरला.

पद्माकरला कळेना की आपण वेळेत बोललो की उशिरा. तो बुवांच्या तोंडाकडे पाहत राहिला. बुवा मात्र त्याच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मुठीतले शेंगदाणे वामनच्या ओंजळीत टाकले, सगळेच्या सगळे, आणि पद्माकरच्या रिकाम्या हाताकडे बोट केलं. वामनने न सांगता अर्धे त्याला दिले.

बुवा काठी टेकत ओसरीकडे निघाले. दोन पावलांवर थांबले.

“वामन... देवडीवर सांगून ये. तुझ्या जोडीचा आत्ता पोचला.”