गाय दोहून होईल तेवढा वेळ

"मग पुढच्या वर्षी लोकांनी काय खावं, बाबा?"

उज्ज्वलानं विचारलं. गिरीबाबा गिरणा नदीच्या पाण्यात गुडघाभर उभे होते. भिक्षेची झोळी त्यांनी पाण्यात बुडवली, वर काढली, निथळू दिली. पुन्हा बुडवली.

तीन वेळा धुवायची, असा त्यांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम. भाकरी, भात, कालवण, कुणाकडचा शिरा, सगळं त्यात एक होतं. चव पाण्याबरोबर जाते. उरेल ते खायचं.

उज्ज्वला काठावरच्या दगडावर बसली होती. तिला राहवेना.

"अहो बाबा, जीवनसत्त्वं वाहून चालली सगळी!"

"मासे खातात."

"आणि तुम्ही?"

"मी मासे बघतो. ठणठणीत आहेत."

मी हसलो. ती नाही हसली.

उज्ज्वला आमच्याच गावची. माझ्या गोठ्याला लागून तिचं माहेर. आता नाशकात असते. कुणी काय खावं, हे सांगण्यात तिचं मोठं नाव आहे. दर डिसेंबरात ती पेपरात लिहिते : येत्या वर्षी काय खायचं, काय सोडायचं, आजार दारात यायच्या आधीच त्याला कसा अडवायचा. माझी सून मला वाचून दाखवते.

एका वर्षी तिनं तूप सोडा म्हणून लिहिलं. सुनेनं माझं तूप बंद केलं. चार वर्षांनी तिनंच लिहिलं, तूप खा.

"उखाकाका, शास्त्र पुढं जात असतं," ती मला म्हणाली होती.

"जाऊ दे की. पण जाताना माझी वाटी भरून जावं."

तर अशी ही उज्ज्वला. यंदाचा लेख सोमवारी द्यायचा होता, आणि ती दोन दिवसांसाठी गावात आली होती.

"यंदा आम्ही चार हजार घरांची पाहणी केली," ती बाबांना सांगत होती.

"मी पाच करतो."

"कशाची?"

"घरांची. रोज सकाळी."

आमच्याकडं बायामाणसं शेतावर निघायच्या आधी चुली पेटतात. म्हणून बाबांची भिक्षाही सकाळचीच. पाच घरं ठरलेली. दारात उभं राहायचं, 'माय, भिक्षा' म्हणायचं. मिळेल ते घ्यायचं, नाही मिळालं तर पुढं जायचं.

"काय आढळलं तुम्हाला?" उज्ज्वलानं वही काढली. थट्टेनंच काढली.

बाबा पाण्यातून बाहेर आले. झोळी पिळत म्हणाले, "सोनाराकडून भात येईनासा झाला. त्याला साखरेनं धरलं. पाटलाकडं सुनेला दिवस गेलेत, कालवण आंबट येतं. गुरवाकडचं तेल बदललं, म्हातारा खोकतो. शिंप्याकडं आधी ज्वारीची भाकरी यायची. मग पोळी आली. मग बिस्किट आलं. मागच्या महिन्यापासून नाचणीचं बिस्किट येतं."

"तो माझा लेख, बाबा! नाचणीचा."

"मासे खाईनात."

आता ती हसली. खूप वर्षांनी मी तिला तशी हसताना बघितलं. लहानपणी ती हसायला लागली की तिची आई घरातून ओरडायची, 'उजे, गाय बुजेल गं उखाभाऊंची!'

हसता हसता ती थांबली. वही मिटली.

"बाबा, लेखाचं राहू द्या..."

"बरं."

"तुम्ही ऐंशी ओलांडलीत. काय खाता, काय टाळता, ते मला सांगा. मी छापणार नाही. मी करीन."

"का गं?"

"मला एकावन्नावं लागलंय."

नदी तेवढी बोलत होती.

तिची आई, कौशी, एकावन्नाव्या वर्षी गेली. आजार नाही, ताप नाही. सकाळी चुलीपाशी बसली होती, ती उठलीच नाही.

"सध्या काय करतेस?" बाबांनी विचारलं.

उज्ज्वलानं बाही वर केली. दंडावर बिल्ल्याएवढं काहीतरी चिकटवलेलं होतं. रक्तातली साखर ते फोनला कळवतं म्हणे. मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं. दुपारचे बारा वाजल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही. बिया भिजवून खाते. गहू सोडला, दूध सोडलं, मग दूध धरलं. दर वर्षी जे नवं निघतं ते आधी स्वतःवर करून बघते.

"आणि?"

"आणि... भीती जात नाही, बाबा."

बाबांनी झोळी मांडीवर घेतली. सावकाश उघडली.

"तुझी माय काय जेवायची?"

"आई ना... सकाळी ती..."

ती थांबली. डोळे बारीक करून नदीपलीकडं बघत राहिली. जणू तिकडं कुणी जेवायला बसलंय आणि नीट दिसत नाही.

"मला... माहीत नाही."

"चार हजार घरं विचारलीस."

"हो."

"मलाही ठाऊक नाही. ती वाढायची काय, तेवढं ठाऊक."

"काय वाढायची?"

"पहिली भाकरी. तव्यावरची. झोळीतून हात पोळायचा."

मी गप्प राहायला हवं होतं. पण म्हातारपणी तोंड हातात राहत नाही.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"धार काढायला बसलं की तुमची चूल दिसायची. सगळ्यांचं झाल्यावर कौशी परातीला लागलेलं पीठ झटकायची. त्याची तळहाताएवढी चानकी थापायची. ती तिची. दारात कुत्रं आलं, की अर्धी त्याची."

उज्ज्वलानं तोंडाला पदर लावला. पदर नव्हता, ओढणी होती.

बाबांचा हात झोळीतच राहिला.

"अठरा वर्षं," ते म्हणाले. "अठरा वर्षं पहिली मी घेतली."

...

"मागं काय उरलं ते भिक्षेकऱ्यानं विचारू नये, असा नियम आहे."

...

"मी नियम पाळला."

त्या दिवशी बाबांनी घास घेतला नाही. झोळीतलं सगळं हळूच पाण्यात सोडलं. मासे आले.

परत फिरताना उज्ज्वला बोटांवर घरं मोजत होती.

"सोनार, पाटील, गुरव, शिंपी. बाबा, ही तर चारच झाली. पाचवं घर कुठलं?"

"तुमचं."

"आमचं? चोवीस वर्षं कुलूप आहे त्याला!"

बाबा पुढं चालत राहिले. मग मीच सांगितलं. रोज सकाळी हे चार घरं करून येतात. तुमच्या कुलपासमोर उभे राहतात. 'माय, भिक्षा' म्हणतात. गाय दोहून होईल तेवढा वेळ दारात थांबायचं, त्याहून जास्त नाही, हाही त्यांचा नियमच. आणि गाय माझी. धार संपून मी चरवी घेऊन उठलो, की हे निघतात. चोवीस वर्षांत माझ्या तीन गायी झाल्या.

"दुसरं घर धरायचं होतं ना, बाबा. इतकी वर्षं एका घराचं कमी खाल्लंत."

"सवय झाली."

"कमी खायची?"

"कुलपाला. माझी."

संध्याकाळी ती माझ्याकडं आली.

"काका, किल्ली आहे?"

किल्ली गोठ्यातल्या खुंटीला होती. कुलपात गोडं तेल सोडलं, तेव्हा कुठं ते फिरलं. दोन खोल्या, वर पत्रा. माझ्या सुनेनं आणि तिनं मिळून झाडून घेतल्या. चूल सारवली. ज्वारीचं पीठ आमच्याकडून नेलं.

सकाळी मी धारेला बसलो. समोर कौशीच्या चुलीत जाळ दिसत होता. माझा हात दोनदा सडावरून घसरला. गायीनं मान वळवून बघितलं.

पहिली भाकरी मोडली.

"ताई, पाणी जरा कढत घ्या!" कुंपणापलीकडून सून ओरडली.

दुसरीही चिरली. ती तिनं बाजूला ठेवली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. तिसरी टम्म फुगली.

तेवढ्यात आवाज आला.

"माय, भिक्षा."

बाबा दारात उभे. चोवीस वर्षं उभे राहायचे तिथंच, तसेच. फक्त समोर कुलूप नव्हतं.

उज्ज्वला ती फुगलेली भाकरी या हातावरून त्या हातावर करत आली. चेहरा धुरानं लाल झालेला. एवढ्या मोठ्या नावाची बाई, पण परकरातली उजीच दिसत होती.

"घ्या बाबा. पहिली."

बाबांनी झोळी पुढं केली नाही. झोळीच्या तोंडावर पालथा हात ठेवला.

"तू जेवलीस?"

"आधी तुम्ही. माझं मग."

"मग म्हणजे?"

"बारानंतर, बाबा. बाराच्या आत मी काही..."

हात झोळीवर तसाच.

"आई द्यायची ना पहिली? मग मीही..."

हात तसाच.

भाकरीची वाफ कमी होत चालली. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं की कशाचं मला सांगता येणार नाही.

"आधी तू खा," बाबा म्हणाले. "मी उभा आहे."

ती उंबऱ्यावर बसली. बाबांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं, कुणाच्या घासाकडं बघू नये म्हणून. माझ्या सुनेनं कुंपणावरून तुपाची वाटी दिली. उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. मी गायीकडं बघितलं.

तिनं तूप घेतलं. पहिला घास तोंडात घातला.

थोड्या वेळानं तिचा फोन कुंई करून वाजला.

"कोण बोलावतंय?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"साखर, बाबा."

"तिला म्हणावं, जेवतेय."

घास तोंडात असतानाच ती हसली. मग तिला ठसका लागला, मग पाणी प्यायली, पुन्हा खायला लागली. पण दारात माणूस उभा आहे म्हटल्यावर बाईला निवांत खाता येत नाही. ती घाईघाईनं घास कोंबायला लागली. अर्धी भाकरी हातात असतानाच उठली.

"झालं, बाबा. पोट भरलं. आता तुमची टाकते तव्यावर. तुमची वेळ संपली असेल."

वेळ संपलीच होती. मी चरवी घेऊन कधीचा उठून उभा होतो. काठापर्यंत भरलेली, फेस बाहेर सांडत होता. वासरू आचळाला तोंड लावून रिकामंच चोखत होतं.

बाबांनी वळून बघितलं. माझ्याकडं. चरवीकडं. वासराकडं. तिच्या हातातल्या अर्ध्या भाकरीकडं.

मग ऐंशी ओलांडलेला तो माणूस भिंतीला टेकून, पाय जरा सैल करून उभा राहिला.

"बस, माय. निवांत खा. गाय आत्ता कुठं पान्हवतेय."