सोमामिस्त्रीची गप्प

फार वर्षांपूर्वी, सांडव्याच्या खाडीत शिडं उतरत होती आणि इंजिनं चढत होती, त्या काळी तिथे सोमा डोर्लेकर नावाचा एक मिस्त्री राहायचा. जन्माने खारवी, पण जीव दर्यापेक्षा लोखंडात जास्त. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने, चंद्राआक्काने, डोक्यावरून मासळी विकून त्याला वाढवलं. त्याचा कान असा तिखट, की पलीकडच्या काठाला लाँच सुरू झाली तर तिच्या टाकीत पेट्रोल आहे की रॉकेल, हे तो इकडे भात कालवता कालवता सांगायचा, असं म्हणतात.

तेव्हा खाडीत माणसं नेणाऱ्या दोनच लाँची. एक पलीकडच्या काठाची आणि एक सांडव्याच्या बाबाजीशेटची. सोमा शेटकडे कामाला होता. पलीकडची लाँच रोज पुढे निघून जायची आणि शेटच्या पोटात दुखायचं. एकदा तो म्हणाला, "मिस्त्री, आपल्या इंजिनाचा जोर वाढव."

"वाढवतो की," सोमा म्हणाला. "हेड, म्हंजे सिलिंडरचं झाकण, घासून खाली बसवलं की आत तेलाची वाफ जास्त दाबली जाते. जितका दाब, तितका तडाखा. पण मग तिला उंची पेट्रोलच पाजायचं, शेट. हलक्या तेलाला एवढा दाब सोसत न्हाय. ते भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनलाच हाणतं."

"उंचीच पाजू," शेट म्हणाला.

सोमाने हेड घासलं. मग ती लाँच अशी पळू लागली, की तिच्या लाटेने काठावरच्या होड्या दावी तोडून सुटायच्या, असं म्हणतात. सोमाची छाती फुगायची. धक्क्यावर उभा राहून तो तिला नजरेआड होईपर्यंत बघायचा.

मग लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शेटने कुठूनशी पिंपं आणली. सोमाने एका पिंपात बोट बुडवून हुंगलं. निम्म्याहून जास्त रॉकेल होतं.

"शेट, हेडखाली तांब्याचा जाड पत्रा घालायला हवा. दाब कमी होईल. लाँच हळू चालेल, पण इंजिन जगेल. उद्याचा दिवस थांबवा."

"उद्या जत्रा आहे, आणि उद्याच थांबवू? परवा घाल तुझा पत्रा."

सोमाने हेका सोडला. शेटचा धाक होताच, पण खरं सांगायचं तर जत्रेच्या दिवशी आपली लाँच मागे पडलेली त्यालाही बघवली नसती. एक खेप निभेल, असं त्याने मनाला समजावलं.

जत्रेचं देऊळ खाडीच्या तोंडाबाहेर, दर्याकाठी. सकाळी सगळा गाव लाँचीत दाटला. चंद्राआक्का नवं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "सोमा, तुला खाजं आणते हो." लाँच सुटली.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर लाटा फुटतात, म्हणून तिथे लाँच चालवणारा तांडेल इंजिनाला पुरा जोर देतो. त्या दिवशीही दिला. आणि धक्क्यावरच्या सोमाच्या कानात ठोके पडले. ठक्, ठक्, ठक्. कुणीतरी आतून हातोडा मारावा तसे. सोमा काठाने धावत सुटला, खडकांवरच्या कालवांच्या धारदार शिंपांवरून पाय फाटत गेले. "रेस सोड! रेस सोड रे!" तो ओरडत होता. लाटांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? ठोके वाढले आणि एकाएकी थांबले. लाँच आडवी झाली. पुढची लाट तिच्यावरूनच गेली.

गावात रडं न पडलेलं घर उरलं नाही. चंद्राआक्का सापडली नाही. शेट गाव सोडून गेला. ओहोटीला सोमा दांड्यावर गेला, रुतलेलं इंजिन उघडलं. पिस्टनला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यात हात घालून तो बसून राहिला, आणि भरतीचं पाणी छातीला लागलं तरी उठला नाही, असं म्हणतात. लोकांनी ओढून आणला.

त्यानंतर खाडीत लाँची वाढत गेल्या, आणि सोमाने एकेकीच्या इंजिनाचा दाब उतरवला. रॉकेलवर चालणाऱ्याला जाड पत्रा, मिसळलेल्या तेलाला पातळ, आणि उंची पेट्रोल असेल तरच बिनपत्र्याचं. हातात पाना घेऊन तो धक्क्यावर आडवा उभा राही. तेल हुंगल्याशिवाय एकही लाँच सुटू देत नसे. "सोमाची कासवं" म्हणून लोक हसायचे, पण पुढे कुणी बुडालं नाही.

सोमा म्हातारा झाला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. तो पेज पीत होता, आणि दर्यावरून त्याला ठोके ऐकू आले. हातातली वाटी टाकून तो एकटाच होडी वल्हवत निघाला. दांड्याबाहेर परमुलखातली एक लाँच होती, बायकापोरांनी भरलेली. इंजिन लाल झालेलं, आतल्या धगीनेच तेल पेटत होतं, म्हणून बटण बंद केलं तरी थांबत नव्हतं. माणसं आकांत करत होती.

"गप्प!" सोमा गरजला. माणसं गप्प झाली, आणि त्या क्षणी दर्याही गप्प झाला, असं म्हणतात. त्याने कान दिला. मग इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या तोंडावर तळहात दाबून धरला. कातडी जळाली तरी काढला नाही. इंजिन घुसमटून बंद पडलं. त्याने नांगर टाकायला लावला, एका बाईच्या तांब्याच्या हंड्याचं झाकण कापून पत्रा केला, भाजल्या हातांनी हेडखाली बसवला. इंजिन मऊ आवाजात सुरू झालं.

"बाबा, आमच्यासंगं चला," तिथला तांडेल म्हणाला.

"तुझा जोर आता कमी हाय. माझं ओझं नको. हळू जा, मी मागनं येतो."

लाँच दांडा ओलांडून धक्क्याला लागली. मागून होडी आली ती रिकामी. कुणी म्हणतं लाट आली, कुणी म्हणतं आक्काने हाक मारली.

आता सगळ्या लाँची डिझेलवर चालतात, पत्रे कुणी घालत नाही. पण सांडव्याची प्रत्येक लाँच दांड्याजवळ आली की तांडेल रेस सोडतो आणि हात वर करतो. लगेच बोलणी थांबतात, फोन बंद होतात, रडणाऱ्या पोराला आई पदराखाली घेते. तांडेल इंजिनाला कान देतो. तिथले लोक याला सोमाची गप्प म्हणतात. दर्या खवळलेला असला की ती लांबते, आणि कितीही लांबली तरी तांडेलाला घाई कर म्हणून कुणी सांगत नाही.